माफीनामा लिहून देऊ का?

वाचक लिहितात:

"स.न.वि.वि. मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. ११ वर्षं नोकरी झाली, नेमणूक कायम आहे. बी.ए. भाग ३ च्या तासाला सहकार शिकवताना मी म्हणाले, 'आपल्याकडचा सहकार आता घराण्यांच्या सातबाऱ्यावर चढलाय.' कुणीतरी त्याची ३४ सेकंदांची क्लिप गावाच्या ग्रुपवर टाकली. त्याच आठवड्यात मी फेसबुकवर लिहिलं होतं, 'गाळप संपून दोन महिने झाले. चौदा दिवसांचा कायदा कुणासाठी? काटा मारायचा आणि वर एफआरपीही थकवायची.' (एफआरपी म्हणजे उसाला कायद्याने द्यायचा किमान दर.) साखर कारखान्याचं नाव घेतलं नव्हतं, पण आमच्या संस्थेचे अध्यक्षच त्या कारखान्याचे अध्यक्ष आहेत. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, 'मॅडम, माफीनामा आणि राजीनामा दोन्ही लिहून द्या. राजीनामा माझ्या कपाटात राहील, वापरणार नाही.' काल नोटीस आली: संस्थेची प्रतिमा मलिन केली, सात दिवसांत खुलासा करा. पोलिसांत तक्रार जाणार असंही कानावर येतंय. घरचे म्हणतात, पोस्ट काढून टाक, माफी माग, मिटव. संविधानाने बोलायचं स्वातंत्र्य दिलंय ना? मग नोकरी कशी जाईल?"
एक प्राध्यापिका, सांगली जिल्हा

मॅडम, नमस्कार.

सर्वांत आधी राजीनाम्याचं. तो लिहून देऊ नका. कपाटात ठेवायला नाही, तारीख न घालता नाही, 'अध्यक्षसाहेबांच्या समाधानापुरता' म्हणूनही नाही. संस्थेने तुम्हाला बडतर्फ केलं तर अपील करायला कायद्याने जागा ठेवली आहे. राजीनामा दिला की कागदोपत्री तुम्हाला कुणी काढलेलंच नसतं, तुम्ही आपखुशीने गेलेल्या असता. तो दबावाखाली घेतला हे मग तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि बंद केबिनमधल्या बोलण्याला साक्षीदार नसतो. दिलाच असेल तर मंजूर होण्याआधी मागे घेता येतो, पण मग आजच्या आज. प्राचार्य आणि संस्थेचे सचिव या दोघांना ईमेल करा, त्याची प्रत कोल्हापूरच्या उच्च शिक्षण सहसंचालकांना पाठवा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टने टाका. (जुनं रजिस्टर टपाल आता स्पीड पोस्टात विलीन झालंय. खिडकीवर नोंदणीची सेवा वेगळी मागून घ्या आणि पावती जपा.)

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कारण बहुतेक प्राध्यापक त्याच ठिकाणी अडकतात. तुमच्यासमोर दोन वेगळ्या लढाया आहेत. एक तुमच्या वाक्याची, दुसरी तुमच्या नोकरीची. पहिली जिंकली म्हणून दुसरी आपोआप जिंकली जात नाही, आणि पहिलीच्या भाषेत दुसरी लढायला गेलं की माणूस हरतो.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणारे जावेद अहमद हजाम यांनी व्हॉट्सॲप स्टेटसवर ५ ऑगस्ट (कलम ३७० हटवल्याचा दिवस) हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचं लिहिलं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलीस ठाण्यात भारतीय दंड संहितेच्या कलम १५३अ खाली, म्हणजे दोन गटांत तेढ पसरवल्याचा, गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे, आणि शब्दांचा परिणाम जोखायचा तो खंबीर, समंजस माणसाच्या मापाने, डळमळीत मनाच्या माणसाच्या मापाने नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. हे माप मुळात नागपूरचं आहे, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४६ साली घालून दिलेलं. निकाल मोलाचा आहे, तुमच्या वकिलांच्या हाती तो असायलाच हवा. पण न्यायालयापुढे प्रश्न होता तो फक्त गुन्ह्याचा. नोकरीचं काय, हा विषय त्या खटल्यात नव्हताच.

कारण असं, की बोलण्याचं स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९(१)(अ) मुख्यतः सरकारचा हात रोखतो. तुमची नेमणूक करणारी संस्था खासगी आहे, पगार सरकारी तिजोरीतून येत असला तरी. तुम्ही नागरी सेवेतल्या नसल्यामुळे सरकारी नोकराला मिळणारं अनुच्छेद ३११ चं कवचही तुम्हाला नाही. मग काय आहे? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ आहे, विद्यापीठाचे परिनियम आहेत आणि नैसर्गिक न्यायाचं तत्त्व आहे. म्हणजे आरोप लेखी सांगितल्याशिवाय, पुरावा दाखवल्याशिवाय, तुमचं ऐकून घेतल्याशिवाय कायम प्राध्यापकाला काढता येत नाही. 'मला बोलायचा हक्क आहे' या एका मुद्द्यावर नोकरी क्वचितच टिकते. 'मला चौकशीविना काढलं' यावर ती टिकते. म्हणून आजपासून तुमचं सगळं लक्ष कागदावर हवं.

पोस्ट काढून टाकू नका, निदान आज तरी. आधी तिचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या: तारीख, वेळ, दुवा, खालच्या सगळ्या प्रतिक्रिया, कुणी शेअर केली ते. पोस्ट संपादित केली असेल तर तिचा इतिहास उघडून तोही घ्या. फेसबुकच्या सेटिंगमधून तुमच्या खात्याची माहिती उतरवून घेता येते, ती एका पेनड्राइव्हवर ठेवा. यानंतर पोस्ट 'फक्त मी' वर टाकलीत तर चालेल. आधीच उडवलीत तर दोन गोष्टी होतात. पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप येतो, आणि समोरच्याकडचा कापलेला स्क्रीनशॉट हाच एकमेव पुरावा उरतो.

क्लिपचंही तसंच. ४८ मिनिटांच्या तासातले ३४ सेकंद बाहेर आले आहेत. त्या ३४ सेकंदांच्या आधी आणि नंतर तुम्ही काय म्हणालात हे आज तुम्हाला आठवतंय, सहा महिन्यांनी आठवणार नाही. आज रात्रीच दोन पानं लिहून काढा: तारीख, तासाची वेळ, वर्गखोली, कोणता घटक, कोणतं पुस्तक समोर होतं, फळ्यावर काय लिहिलं होतं, कुणी काय विचारलं. शिक्षक दैनंदिनीतलं त्या दिवसाचं पान, हजेरीपट, वार्षिक अध्यापन नियोजन आणि अभ्यासक्रमातला 'सहकार' हा घटक, सगळ्यांच्या झेरॉक्स काढा. दैनंदिनी प्राचार्यांच्या सहीसाठी ऑफिसात जाते आणि अशा वेळी तिथेच राहते, म्हणून उद्याच. त्या पानावर 'सहकारी संस्थांपुढील समस्या: राजकीय हस्तक्षेप' असं काही लिहिलेलं असेल, तर तुमचं वाक्य अभ्यासक्रमातच बसतं हे एका झेरॉक्सने सिद्ध होतं. पुढे चौकशीत ही क्लिप कुठल्या फोनवर, कुणी, केव्हा घेतली, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. न्यायालयात असा इलेक्ट्रॉनिक पुरावा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. खातेनिहाय चौकशीत नियम एवढे कडक नसतात, तरी 'पूर्ण चित्रफीत द्या, तुकडा मान्य नाही' ही मागणी लेखी नोंदवून ठेवाच.

आता तुमची वाक्यं. ती एकसारखी नाहीत, आणि बचावही एकसारखा होणार नाही.

'सहकार घराण्यांच्या सातबाऱ्यावर चढलाय' हे मत आहे, तेही रूपकात सांगितलेलं. वर्गात, विषयाला धरून, कुणाचं नाव न घेता. इथे तुम्ही भक्कम आहात. खुलाशात या वाक्याबद्दल दिलगिरीचा शब्दही लिहू नका.

'चौदा दिवसांचा कायदा कुणासाठी' आणि 'एफआरपी थकवायची' हे तथ्याचं विधान आहे, आणि तथ्य तपासता येतं. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. साखर आयुक्तालयात कारखानानिहाय थकबाकीची माहिती असते, थकबाकी वसुलीसाठी महसुली वसुलीचे आदेशही तिथूनच निघतात. ती कागदपत्रं पुण्याच्या कार्यालयातून माहिती अधिकारात मागवा. पण एक खाच लक्षात घ्या. त्याच आदेशात 'वेगळा लेखी करार नसेल तर' असे शब्द आहेत. कारखाना सभासदांच्या सह्यांचे करार पुढे करील आणि म्हणेल, आम्ही हप्त्यांनी द्यायचं ठरवलं होतं. शिवाय एफआरपीतून तोडणी-वाहतूक वजा होते. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये हा दर होता, हातात पडणारी रक्कम त्याहून कमीच. या दोन उत्तरांना तुमच्याकडे उत्तर आहे का, ते खुलासा लिहिण्याआधी पाहा. घरच्या किंवा शेजारच्या एखाद्या ऊस उत्पादकाची बिलं आणि बँकेतल्या जमेच्या तारखा मिळाल्या तर त्या सरकारी तक्त्यापेक्षा जास्त बोलतात.

'काटा मारायचा' हे मात्र तुमचं सगळ्यांत कच्चं वाक्य आहे, आणि ते तुम्हाला स्पष्ट सांगायलाच हवं. वजनात चोरी हा गुन्ह्याचा आरोप आहे. वैधमापन शास्त्र विभागाच्या तपासणीचा अहवाल, किंवा बाहेरच्या काट्यावरची आणि कारखान्याच्या काट्यावरची एकाच खेपेची पावती, असं काही हाती असेल तर ठीक. 'सगळ्या शिवाराला माहीत आहे' हा पुरावा होत नाही. नाव घेतलं नाही म्हणून सुटका होईल असंही समजू नका. वाचणाऱ्याला कोण ते कळत असेल तर बदनामीला तेवढं पुरतं.

याच भागाने हे एकदा पाहिलेलं आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर आणि टिळक १८८२ साली १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात. छत्रपतींवर अन्याय होतोय ही त्यांची तळमळ खरी होती, पण ज्या पत्रांवर विसंबून छापलं ती बनावट निघाली. पुढे हेच आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य असताना 'सुधारक' चालवत होते, आणि जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहूनही लिहायचे थांबले नाहीत. मत मांडायला कचरू नका, पण आरोपाला कागद लागतो.

तर खुलासा. सात दिवस पुरणार नाहीत, आणि सात दिवसांत घाईने लिहिलेला खुलासा हाच पुढे तुमच्याविरुद्धचा मुख्य दस्तऐवज ठरतो. पण मुदत उलटू द्यायची नाही. उद्याच एक छोटं पत्र द्या, साधारण असं:

"आपले जा. क्र. … दि. … चे पत्र मला दि. … रोजी दुपारी … वाजता मिळाले. माझ्याकडून सेवानियमांतील कोणत्या कलमाचा भंग झाला, हे पत्रात नमूद नाही. मूळ तक्रार अर्ज, संपूर्ण ध्वनिचित्रफीत, सदर पोस्टची प्रत आणि लागू असलेल्या सेवानियमांची प्रत मिळावी. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मी सविस्तर खुलासा सादर करीन. तोपर्यंत पत्रातील आरोप मला मान्य नाहीत, असे नम्रपणे नोंदवते."

बस्स, एवढंच. दोन प्रती न्या, एकीवर ऑफिसचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. क्लार्क 'साहेबांना विचारतो' म्हणून टाळाटाळ करू लागला तर तिथेच बसून प्राचार्य आणि सचिवांना ईमेल करा आणि पोस्ट ऑफिस गाठा. नोटिशीचं पाकीटही फेकू नका, त्यावरचा शिक्का पुढे दिवस मोजायला लागतो.

सविस्तर खुलासा वकिलांना दाखवल्याशिवाय देऊ नका. त्यात भाषण नको, संस्थाचालकांच्या राजकारणावर एक ओळही नको. आरोप एक, उत्तर एक, जोडपत्र एक, असा क्रम ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांतली शिक्षकांसाठीची व्यावसायिक आचारसंहिता समोर ठेवून लिहा. शिक्षकाने परिषदा-चर्चासत्रांतून आपलं मत मोकळेपणाने मांडावं असं त्यात आहे, आणि विद्यार्थ्यांना सहकाऱ्यांविरुद्ध किंवा प्रशासनाविरुद्ध चिथावू नये असंही आहे. पहिला भाग तुमच्या बाजूचा. दुसऱ्या भागात अडकू नये म्हणून एक पथ्य पाळा: विद्यार्थ्यांना यात ओढू नका. अनेक प्रकरणं बिघडतात ती इथेच. मुलं प्रेमाने सह्यांचं निवेदन काढतात, गेटवर घोषणा देतात, शिक्षक ते स्टेटसला ठेवतात, आणि मूळ आरोप बाजूला राहून 'विद्यार्थ्यांना चिथावणी' हा नवा, जास्त भक्कम आरोप उभा राहतो. मुलं भेटायला आली तर त्यांना अभ्यासाला लावा. कुणाकडे पूर्ण तासाचं रेकॉर्डिंग असेल तर ते जपून ठेव एवढं सांगा. त्यांच्याकडून रेकॉर्डिंगचा लेखी उताराही करून घेऊ नका, सहीही नको.

माफीचं उत्तर वर जवळजवळ आलंच. सरसकट माफीनामा म्हणजे सगळ्या आरोपांची कबुली, आणि 'मिटवू' म्हणणारा माणूस तो कागद कपाटातून कधीही काढू शकतो. पण 'काटा मारायचा' या दोन शब्दांसाठी पुरावा नसेल तर ते मागे घेण्यात कमीपणा नाही, तुम्ही शिक्षक आहात, चुकीची दुरुस्ती करणं हा तुमच्या कामाचाच भाग आहे. तेव्हा असं लिहा: "वजनाबाबतचे शब्द कोणा विशिष्ट संस्थेस उद्देशून नव्हते. तसा अर्थ निघत असल्यास ते शब्द मी मागे घेते. ऊस दराच्या थकबाकीबाबतचे माझे म्हणणे उपलब्ध माहितीवर आधारित असून त्यावर मी ठाम आहे." मात्र तुमच्या मनात खरंच तोच कारखाना असेल, तर पहिलं वाक्य गाळा. खुलाशात खोटं एक वाक्यही नको. आणि हा मजकूर द्यायचा की नाही हे वकील ठरवतील, कारण बदनामीचा खटला झाला तर तो तिथेही वाचला जाईल.

यानंतर काय काय होऊ शकतं?

एखाद्या सकाळी प्राचार्य तोंडी सांगतील, 'वातावरण निवळेपर्यंत दोन आठवडे येऊ नका.' ऐकायला सहानुभूती वाटते. महिन्याने त्याच दोन आठवड्यांबद्दल 'अनधिकृत गैरहजेरी'ची नोटीस येते. त्याच संध्याकाळी ईमेल करा: आज आपण तोंडी असं सांगितलं, लेखी आदेश मिळावा, तोपर्यंत मी नियमित हजर राहीन. आणि खरंच जा. बायोमेट्रिक लागत नसेल तर मस्टरवर सही करा, मस्टर दिलं नाही तर तसं पत्र आवकला द्या. गेटवर अडवलं तर वाद घालू नका, वेळेसकट फोटो काढा आणि सहसंचालकांना कळवा. पगारपत्रकातून नाव वगळून पगार रोखला गेला तर तक्रार तिथेच करायची.

निलंबनाचा लेखी आदेश आला तर तो कुणाच्या सहीचा, कोणत्या ठरावाने, हे पाहा. निलंबन ही शिक्षा समजली जात नाही, पण त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण निम्म्या पगाराइतका. तीन महिन्यांनंतर त्याचा फेरविचार होतो. भत्त्यासाठी दुसरीकडे नोकरी करत नसल्याचं प्रमाणपत्र दर महिन्याला द्यावं लागतं, आणि ठरवून दिलेलं मुख्यालय परवानगीशिवाय सोडायचं नसतं. माहेरी चार दिवस राहायला जायचं असलं तरी अर्ज. आरोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपलीकडे लांबवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने अजयकुमार चौधरी प्रकरणात २०१५ साली म्हटलंय. नव्वदाव्या दिवशी त्याचा हवाला देऊन पत्र द्या.

मग चौकशी. आरोपपत्रासोबत आरोपांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी असायला हवी. यादी नसेल तर पहिल्याच बैठकीत हरकत नोंदवा. चौकशी अधिकारी कारखान्याचा संचालक किंवा वकील असेल तर ती हरकतही पहिल्याच बैठकीत, निकाल विरुद्ध गेल्यावर घेतलेल्या हरकतीला वजन राहत नाही. बचाव सहाय्यक मागून घ्या. आपल्याकडे सुटाच्या (शिवाजी विद्यापीठ शिक्षक संघाच्या) जुन्या कार्यकर्त्यांपैकी काहींच्या हातून अशा चौकशा गेलेल्या असतात, त्यांना आजच फोन करा. क्लिप पसरवणाऱ्याची उलटतपासणी हा चौकशीचा गाभा आहे. पूर्ण तास तुम्ही ऐकला का? तुम्ही त्या वर्गाचे विद्यार्थी आहात का? क्लिप कुणी कापली? हे तीन प्रश्न सोडू नका. दर दिवसाच्या कामकाजावर सही करण्याआधी ते वाचा, आणि चुकीचं लिहिलं असेल तर सहीच्या वर आपल्या अक्षरात तसं लिहा. रागावून चौकशीवर बहिष्कार टाकू नका. एकतर्फी चौकशी संस्थेला सोयीची असते. अहवाल आला की शिक्षेआधी त्याची प्रत मिळणं आणि त्यावर म्हणणं मांडणं हा तुमचा हक्क आहे. करुणाकर प्रकरणातल्या १९९३ च्या निकालापासून तो पक्का आहे.

बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झाली तर २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ८१ खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील, आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत. हे ३० दिवस लोक वाटाघाटींत घालवतात. 'अध्यक्षांशी बोलणं चाललंय, पुढच्या आठवड्यात बैठक आहे' असं म्हणता म्हणता एकतीस उजाडतो. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी वेगळं भांडावं लागतं. बोलणी चालू द्या, अपील वेळेत दाखल करा. जे प्रश्न न्यायाधिकरणाच्या कक्षेत बसत नाहीत, त्यांच्यासाठी विद्यापीठाची तक्रार निवारण समिती आहे आणि शेवटी उच्च न्यायालय. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे, सांगली-सातारा दोन्ही जिल्हे तिच्याकडे येतात.

पोलिसांची भीती तुमच्या मजकुरावरून मला फार वाटत नाही. बदनामी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, अदखलपात्र आहे. पोलीस थेट अटक करू शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्यालाच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद द्यावी लागते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. सत्य आणि लोकहित हा त्यातला पहिलाच अपवाद, म्हणून वरची सगळी बिलं आणि तक्ते. कुणी ओढूनताणून दोन गटांत तेढ पसरवल्याचं कलम १९६ लावायचा प्रयत्न केला, तर तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, आणि प्रश्न बोलण्या-लिहिण्याचा असेल तेव्हा ती करणं योग्य, असं सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला इम्रान प्रतापगढी प्रकरणात सांगितलंय. ठाण्यातून फोन आला तर नम्रपणे म्हणा, 'नोटीस पाठवा, मी वकिलांसोबत येते.' नोटीस आली की जायचंच. फोन मागितला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा. समजूतदारपणे बोलायला बोलावलं म्हणून एकट्या जाऊन कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका.

नोकरी टिकली तरी त्रास दुसऱ्या वाटेने येतो, आणि याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. कॅसची, म्हणजे पदोन्नतीची, फाईल अडकते, गोपनीय अहवालात शेरा येतो, सकाळी सातचा आणि दुपारी चारचा तास एकाच दिवशी लागतो, संस्थेच्या दूरच्या शाखेत बदली होते. बदलीवर न्यायाधिकरणात जाता येत नाही. म्हणून एक वही करा: तारीख, काय झालं, कुणी सांगितलं, कागद आहे का. नोटिशीनंतर दोनच महिन्यांत बदली आली, हा क्रम त्या वहीतूनच पुढे न्यायालयाला दाखवता येतो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. तुम्ही तासिका तत्त्वावर असाल तर ही सगळी तटबंदी तुमच्याभोवती नाही. तुम्हाला काढत नाहीत, पुढच्या जूनमध्ये बोलावत नाहीत. ही अवस्था अन्यायाची आहे, आणि ज्यांच्या नेमणुका कायम आहेत त्यांनी या सहकाऱ्यांसाठी बोललं पाहिजे. हाती एवढंच असतं, की मध्येच काढताना आदेशात वर्तनावर ठपका ठेवला असेल तर चौकशीविना ठपका ठेवला म्हणून त्याला आव्हान देता येतं. शासकीय महाविद्यालयात असाल, मिरजेच्या वैद्यकीय किंवा कऱ्हाडच्या अभियांत्रिकीसारख्या, तर तुम्हाला १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि राज्य शासनाच्या जुलै २०२५ च्या समाजमाध्यमांविषयीच्या सूचनाही. सरकारी धोरणावर समाजमाध्यमांत टीका करणं तुमच्यासाठी जोखमीचं आहे. तरीही सरकारी नोकर झाल्याने मूलभूत हक्क संपत नाहीत हे कामेश्वर प्रसाद प्रकरणात १९६२ पासून ठरलेलं आहे. अनुदानित महाविद्यालयात कुणी या सूचना तुमच्या तोंडावर फेकल्या, तर विचारा: आपल्या संस्थेने त्या कोणत्या ठरावाने लागू केल्या?

मॅडम, सहकारावरचा तो घटक शिकवणं थांबवू नका. उरलेले तास नियोजनाप्रमाणे घ्या, त्या दिवशीची वाक्यं पुन्हा काढू नका, आणि प्रत्येक तासानंतर दैनंदिनीत घटक, पुस्तकाचं पान आणि विचारले गेलेले प्रश्न लिहा. दुसरी बाजूही वर्गात येऊ द्या. सहकारी कारखान्यांमुळे या भागात ऊस, दूध, शाळा, रस्ते कसे आले हे अभ्यासक्रमात आहेच. वर्गात एखादा संचालकाचा मुलगा असेल तर त्यालाही हात वर करू द्या, त्याने काय विचारलं आणि तुम्ही काय उत्तर दिलं तेही त्या पानावर येऊ द्या. फेसबुकच्या ओळखीतून महाविद्यालयाचं नाव काढा आणि कॉलेजच्या वेळेत, कॉलेजच्या वायफायवरून काही टाकू नका.

उद्या सकाळी ऑफिस उघडलं की आधी ते छोटं पत्र आवकला द्या, मग दैनंदिनीची झेरॉक्स. सविस्तर खुलाशाचा मसुदा तयार झाला की पुन्हा लिहा, सोबत नोटिशीची प्रत आणि पाकिटावरच्या शिक्क्याचा फोटो जोडा.